शिक्का अस्पष्ट

सासऱ्यांच्या घरी रविवारची जेवणं आटोपली आणि सगळी मंडळी ओले हात पुसत रस्त्यावर धावली. घरात उरला फक्त थोरला जावई. तो पाणी पीत बसून राहिला. तहान लागली होती असं नाही. पण बाहेर जाऊन जे पाहावं लागणार होतं, ते त्याला पाहवणार नव्हतं.

बाहेर उभी होती धाकट्या जावयाची, म्हणजे त्याच्या साडूची गाडी. दोन दारांची, बुटकी, गडद हिरवी, शर्यतीच्या घराण्यातली. तीन वर्षांपूर्वी ती एका भंगारवाल्याच्या आवारात पडलेली होती आणि तिच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. साडू पेशाने वेल्डर. कामावरून आला की तो घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरायचा आणि जेवायला हाका मारून मारून बायको दमली तरी बाहेर यायचा नाही. आज ती गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली होती.

इंजिन सुरू झालं. आवाज भारदस्त होता, पण कर्कश नव्हता.

"ऐकलंत का रे सगळ्यांनी?" सासऱ्यांचा आवाज खिडकीतून आत आला. सासरे तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारा माणूस. "अरे पोरा, हे इंजिन आहे की गवई? केलंस तरी काय?"

"करामत हेडरची आहे, बाबा," साडू सांगत होता. "आधी धूर बाहेर नेणारा बिडाचा जुना मॅनिफोल्ड होता. त्यात चारही सिलिंडरचा धूर एकाच बोळात घुसून धक्काबुक्की करायचा. शिवाय त्याला तडा गेला होता. तो काढला आणि हे स्टीलचे चार वेगळे पाइप बसवले. आता ज्याला त्याला आपापली वाट. आणि धूर गाळणारा कन्व्हर्टर आहे तिथेच आहे हं, त्याला हात लावलेला नाही."

"शाब्बास!" पाठीत धपाटा बसल्याचा आवाज आला.

आत बसलेल्याला तो धपाटा झोंबला. सोळा वर्षं तो या घरचा जावई. सासरे त्याला अजून "जावईबापू, आपण बसा" असंच म्हणत. त्याच्यासाठी खुर्ची पुसली जाई, पाणी आधी त्याला येई. आणि धाकट्याला मात्र "अरे पोरा" आणि पाठीत धपाटा! म्हणजे मान एकाला आणि जीव दुसऱ्याला. डिप्लोमा कोणाचा? सरकारी नोकरी कोणाची? धूर तपासणी केंद्रात रोज साठ गाड्यांचं भवितव्य ठरवतो कोण? पण सासरे एकदाही त्याचं केंद्र बघायला आले नव्हते. त्या पत्र्याच्या शेडमध्ये मात्र रोज संध्याकाळी स्टूल टाकून बसत.

"पुढच्या रविवारी तुम्हाला डोंगराच्या रस्त्याने नेतो, बाबा," साडू म्हणत होता. "तुमच्या जुन्या बसच्या रस्त्याने. चाचणीचा दाखला तेवढा हातात पडू दे."

थोरल्या जावयाने पेला खाली ठेवला. दाखला देणारा तर इथे आत बसला होता.

परतताना बायको म्हणाली, "किती हौसेनं केलंय, नाही?"

"हौस!" तो म्हणाला. "हौसेला नियम नसतात वाटतं? कंपनीचा भाग काढायचा आणि बाजारातला बसवायचा. असल्या पोरखेळांनीच हवा नासते."

बायकोने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ती खिडकीबाहेर बघत राहिली. नवऱ्याला हवेची एवढी काळजी कधीपासून वाटू लागली, हे तिला कळेना.

गुरुवारी सकाळी साडू गाडी घेऊन केंद्रावर आला. नात्यातला म्हणून मागच्या दाराने आला नाही. रांगेत लागला, अकरावा नंबर घेतला.

केंद्रावर यंत्र सांभाळणाऱ्या बाई होत्या. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेल्या, चष्मा दोरीला बांधलेला. नियमांचं पुस्तक त्यांना पाठ होतं आणि तरी शंका आली की त्या ते उघडून बघत. अकराव्या गाडीच्या मालकाला त्यांनी साहेबांच्या घरच्या समारंभात पाहिलं होतं.

"साहेब, नात्यातली गाडी शेजारच्या रांगेत, दुसऱ्या साहेबांकडे पाठवायची असते," त्या हळूच म्हणाल्या.

"नात्यात सवलत देऊ नये म्हणून तो नियम आहे, बाई," थोरला जावई, म्हणजे इथला तपासनीस, म्हणाला. "मी कुठे सवलत देणार आहे?"

त्याने गाडीचं बॉनेट उघडलं. चार चकचकीत पाइप एकमेकांना वळसे घालत खाली उतरत होते. जोड इतके सफाईदार, की बोट फिरवलं तर कळू नये. इतकं नेटकं काम त्याने वीस वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि हेच त्याला सलत होतं.

बाईंनी मागच्या नळीत तपासणीची सळई घातली. यंत्र गुरगुरलं, पडद्यावर आकडे आले. तपासनीस मान उंचावून बघत होता. हे आकडे फुगावेत, अशी त्याची मनापासून इच्छा होती!

आकडे मर्यादेच्या निम्म्यावरही गेले नाहीत.

"कंपनीतून निघालेल्या गाडीलाही लाजवील," बाई म्हणाल्या.

आता एकच गोष्ट उरली. बाहेरचे हेडर चालतात, पण त्यांवर मंजुरीचा शिक्का, म्हणजे क्रमांक, ठोकलेला हवा. तपासनीस दांडीचा आरसा आणि विजेरी घेऊन गाडीखालच्या खड्ड्यात उतरला. उष्णतेने पाइपांवर निळसर झाक आली होती. तिसऱ्या पाइपाच्या पोटाशी, अडचणीच्या जागी, एक पट्टी होती. त्याने आरसा तिरका केला. क्रमांक होता. आठच्या आठ आकडे त्याने वाचले.

खड्ड्यात तो नुसताच उभा राहिला. वर साडूचे बूट दिसत होते. ते बूट डोंगरावर जातील, शेजारी सासरे असतील, वळणावळणाला "अरे पोरा" होईल... त्याने विजेरी विझवली.

वर येऊन त्याने लिहिलं: "मंजुरीचा शिक्का अस्पष्ट. नामंजूर."

"अस्पष्ट?" साडू गोंधळला. "दादा, मी बसवताना स्वतः वाचलाय. थांबा, दाखवतो."

"तपासणी मी करतोय की तू?"

"तसं नाही... मग कंपनीचा कागद आहे घरी. त्यावर क्रमांक आहे. तासाभरात आणतो."

"कागद चालत नाही. शिक्का नगावरच दिसायला हवा."

हे खोटं होतं. कागद चालत होता. आणि साडूने काय म्हणावं? "बरं. तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असणार. आता काय करू सांगा."

"सात दिवसांत दुरुस्त करून आण, नाहीतर नोंदणी थांबेल. मूळचा मॅनिफोल्ड बसव."

"त्याला तडा आहे, दादा."

"मग सांध की! वेल्डर ना तू?" रांगेतले दोघे हसले. साडूही कसनुसा हसला आणि गाडी घेऊन गेला.

सुंठेवाचून खोकला गेला! तपासनीस त्या दिवशी शीळ घालत काम करत होता.

दुपारच्या चहाला बाई त्याच्यासमोर येऊन बसल्या.

"साहेब, राग मानू नका. मघाशी त्या डिलिव्हरी व्हॅनचे आकडे अगदी मर्यादेला टेकले होते. त्याला तुम्ही 'चालतंय' म्हणालात. आणि या स्वच्छ गाडीला परत पाठवलंत."

"शिक्का दिसत नव्हता."

"तो दिसत होता का, हे मी विचारलंच नाही. तुम्हीच आधी उत्तर दिलंत."

त्याने कप खाली ठेवला. "बाई, तुम्हाला माहीत नाही. ही शर्यतीच्या गाड्या घेऊन मिरवणारी माणसं..."

"ती धूर ओकत असतील तर जरूर परत पाठवा. कन्व्हर्टर काढून फेकणारे, चाचणीपुरता भाड्याने आणून बसवणारे, सगळे बघितलेत मी. त्यांना आपण नाही पकडायचं तर कोणी? पण या माणसाने सगळं नियमाने केलं आणि तरी त्याला मार बसला. उद्या तो म्हणेल, नियम पाळून मिळालं काय? आणि नियमावरचा एका माणसाचा विश्वास उडाला ना साहेब, की तो दहा जणांना सांगतो."

"तुम्ही काय सुचवताय? मी जळतो त्याच्यावर?"

"मी यंत्र चालवते. माणसाच्या आतला धूर मोजायची सळई माझ्याकडे नाही." बाई उठल्या. "कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही म्हणतात. पण त्याच कावळ्याच्या हातात शिक्का दिला तर मरते, साहेब!"

तो चिडला. बाईंशी दोन दिवस कामापुरतंच बोलला. बाईंनीही एक गोष्ट करायची राहू दिली: त्या थेट वरच्या अधिकाऱ्याकडे गेल्या असत्या, तर पुढचं टळलं असतं. हे त्यांनी नंतर स्वतःच कबूल केलं.

इकडे घरी बायकोला बहिणीचे फोन येत होते. "भाऊजींनी सांगितलं म्हणून यांनी हेडर उतरवले. जुनं बीड सांधत बसलेत. एकदा सांधलं, तापवल्यावर परत चिरलं. बीड वेल्डिंगला दाद देत नाही म्हणतात. जेवणावर लक्ष नाही. मी काही चांगला कारागीर नाही, असं बोलायला लागलेत हो, ताई."

बायकोने हे सांगितलं तेव्हा तपासनिसाने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. खरं सांगायचं तर त्याला आतून बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची थोडी लाजही वाटली. पण लाजेपेक्षा बरं वाटणं जास्त होतं!

सहाव्या दिवशी साडू परत आला. या वेळी शेजारच्या सीटवर सासरे बसले होते. केंद्र कधी पाहिलं नव्हतं, जावई एकटा खचलाय, म्हणून सोबतीला आलेले. बाहेर गार वारा सुटला होता, म्हणून काचा वर केलेल्या. रांग लांबली होती. पत्र्याच्या छपराखाली गाड्या पाऊलपाऊल सरकत होत्या. साडूला मध्ये कागदांसाठी खिडकीवर जावं लागलं. बाबांना थंडी वाजू नये म्हणून त्याने हीटर चालू ठेवला आणि त्यासाठी इंजिनही. खिडकीवरच पाऊण तास गेला.

परतल्यावर बाबांना डुलकी लागलीय असं समजून त्याने गाडी यंत्रापाशी आणली आणि कागद घेऊन तो खाली उतरला. बाईंनी सळई घातली आणि पडद्यावरचे आकडे बघता बघता लाल झाले.

"अहो, हे काय?" बाई पुटपुटल्या. "त्या दिवशी तर..."

तपासनिसाच्या मनात एक क्षण आनंद उसळला. मग त्याची नजर समोरच्या काचेतून आत गेली. सासऱ्यांची मान खांद्यावर कलली होती. तोंड उघडं होतं.

त्याला सगळं कळलं. हे कळण्यासाठीच तर सरकार त्याला पगार देत होतं! सांधा तापून उकलला होता, त्यातून हवा शिरून इंजिनाचं गणित बिघडलं होतं. इंजिनाचा न गाळलेला वायू तड्यातून निसटत होता आणि हीटरच्या वाटेने आत जात होता. कार्बन मोनॉक्साइड: ना वास, ना रंग.

"इंजिन बंद! दारं उघडा!" तो ओरडला. त्याने सासऱ्यांना काखेत हात घालून बाहेर ओढलं आणि मोकळ्या हवेत आणून जमिनीवर निजवलं. बाईंनी रुग्णवाहिका बोलावली. साडू कागद हातात धरून तसाच उभा होता.

दवाखान्यात दोन तास गेले. मग डॉक्टर बाहेर आल्या. "ऑक्सिजन लावलाय. शुद्धीवर आहेत. आणखी पंधरा मिनिटं तिथे बसले असते, तर मी हे सांगायला आले नसते."

दोघी बहिणी रडायला लागल्या. साडू बाकावर बसला आणि स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघत म्हणाला, "माझाच सांधा उकलला. माझ्याच हातांनी मी बाबांना..."

"किती वेळा सांगितलं, त्या गाडीचं वेड सोडा म्हणून!" त्याची बायको कडाडली.

"विकून टाका ती," थोरली म्हणाली. "उद्याच्या उद्या. परत दारात दिसता कामा नये."

साडूने मान हलवली. "विकतो, ताई. आता हातात वेल्डिंगची टॉर्चसुद्धा धरवणार नाही मला."

तपासनीस भिंतीला टेकून उभा होता. त्याला हवं होतं ते सगळं त्याला मिळालं होतं. गाडी जाणार होती. शेड रिकामी पडणार होती. "अरे पोरा" संपणार होतं. त्याने फक्त गप्प बसायचं होतं. कोणी कधी विचारणार नव्हतं, कारण खड्ड्यात त्याच्याबरोबर कोणी उतरलेलं नव्हतं.

त्याने साडूचे हात पाहिले. बोटांवर बिडाच्या सांध्याचे ताजे चटके होते.

"शिक्का स्पष्ट होता," तो म्हणाला.

कोणाला समजलं नाही. म्हणून तो पुन्हा, मोठ्याने म्हणाला, "तुझ्या हेडरवरचा शिक्का मला दिसला होता! आठही आकडे वाचले मी. तरी अस्पष्ट लिहिलं. कागद चालतो, तरी चालत नाही म्हणालो. तुझ्या सांध्याने काही केलेलं नाही. जे केलं ते मी केलं."

"का?" साडूने विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "मी तुमचं काय वाकडं केलं होतं, दादा?"

"काही नाही. बाबा तुझ्या शेडमध्ये बसतात. मला ते बघवत नव्हतं."

इतकं लहान कारण! बोलल्यावर त्याचं त्यालाच ते लहान वाटलं. बायकोने तोंडावर पदर धरला. मेहुणी काही बोलणार होती, पण साडू उठला आणि जिना उतरून गेला.

संध्याकाळी तपासनीस सासऱ्यांच्या खाटेपाशी गेला आणि त्यांनाही सांगितलं. सासऱ्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"तीस वर्षं बस चालवली मी," ते धापा टाकत म्हणाले. "पुढे जाणाऱ्या गाडीचा राग येऊन माझ्या उतारूंना खड्ड्यात घातलं नाही कधी. तू काय केलंस हे?"

सोळा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याला "तू" म्हटलं होतं.

"तुझ्या कचेरीत मला कधी बोलावलंस का?" सासरे थांबून म्हणाले. "त्याने बोलावलं, मी गेलो. एवढंच होतं रे ते."

दुसऱ्या दिवशी तपासनिसाने वरच्या अधिकाऱ्यांना स्वतः पत्र लिहिलं. आधी त्याने "नजरचुकीने" असा शब्द लिहिला होता. बाईंना वाचायला दिलं. बाईंनी त्या शब्दावर बोट ठेवलं. त्याने तो खोडला आणि लिहिलं, "हेव्यापोटी". चौकशी झाली. त्याला तपासणीवरून हटवलं, एक वेतनवाढ रोखली आणि आठ महिने जुन्या नोंदींच्या खोलीत बसवलं. साडूची गाडी हेडर पुन्हा चढवून शेजारच्या रांगेत तपासली गेली. ती पहिल्या फेरीत पास झाली. सासरे बरे झाले. डोंगरावर गेले तेव्हा काचा पूर्ण खाली होत्या म्हणे.

एका संध्याकाळी तपासनीस त्या शेडच्या दारात जाऊन उभा राहिला आणि त्याने माफी मागितली.

"माफ केलं असं आज म्हटलं, तर ते तोंडदेखलं होईल, दादा," साडू म्हणाला. "वेळ लागेल मला. पण आलात, बरं झालं. बसा." त्याने पायाने एक खोका पुढे सरकवला.

आठ महिन्यांनी तपासनीस परत आपल्या रांगेवर आला. पहिल्याच आठवड्यात एक लांबलचक, चंदेरी, भारी इंजिनाची गाडी समोर आली. मालक त्याच्याच वर्गातला. परीक्षेत याच्या उत्तरपत्रिकेत डोकावून पास झालेला आणि आता कुठल्याशा कंपनीचा प्रमुख. "काय राव, अजून इथेच?" तो काच खाली करून म्हणाला. बॉनेटखाली नवेकोरे हेडर चमकत होते.

मनात तोच जुना हेवा उठला. तपासनीस दचकला. त्याला वाटलं होतं, आपण बदललो. तो हेवा आता पुन्हा यायचा नाही!

त्याने आरसा आणि विजेरी टेबलावर ठेवली.

"बाई, ही गाडी शेजारच्या रांगेत पाठवा."

"नात्यातली आहे?"

"नाही. पण हिचा मालक मला खुपतोय. माझ्या हातून न्याय होणार नाही."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. वीस वर्षांत त्यांनी त्याला पुष्कळदा "साहेब" म्हटलं होतं. त्या दिवशी त्या पहिल्यांदा त्याच्यासाठी उठून उभ्या राहिल्या आणि स्वतः ती गाडी शेजारच्या रांगेत लावून आल्या.

नागरिकहो, हेवा कोणाच्या मनात येत नाही? तो मनात येणं हा गुन्हा नव्हे. पण आपल्यातल्या प्रत्येकाच्या हाती कुठला ना कुठला शिक्का असतो. कोणी परीक्षेचे गुण देतो, कोणी अर्जावर सही करतो, कोणी नुसतं "तो माणूस बरा नाही" एवढंच सांगतो आणि तेवढ्याने एखाद्याची नोकरी जाते. गाडीचा धूर बाहेर पडतो, म्हणून मोजता तरी येतो. माणसाचा आतच कोंडतो आणि शेजारी बसलेल्या निरपराध माणसाचा जीव घुसमटवतो. म्हणून ज्याच्यावर आपण जळतो, त्याचा निवाडा आपण करू नये. आरसा खाली ठेवावा आणि दुसऱ्याला बोलवावं. त्यात कमीपणा नाही. खुर्चीवर बसणाऱ्याला एवढं जमलं, तरच त्याने खुर्चीवर बसावं!